गार्लंड काकाच्या पायातलं पाणी

माझ्या मावशीने तिच्या नवऱ्याला आठ महिने मिठात घातलं आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. आणि मी तर पगार घेऊन दर मंगळवारी त्याच घरात जात होते, त्याला अंघोळ घालायला आणि त्याचं वजन करायला. म्हणून आधीच सांगून टाकते, ह्या गोष्टीत मी ज्यांच्या नावाने बोटं मोडणार आहे त्यांच्यात मीसुद्धा आहे. फक्त रांगेत माझा नंबर शेवटचा. पुढे बरेच जण उभे आहेत.

मेलविना व्हे ही माझ्या आईची थोरली बहीण. वय शहात्तर. हॅगडाउन कोव्ह ह्या आमच्या खाडीकाठच्या कोळीगावात तिच्यासारखा मासा कुणी वाळवला नाही. हे मी भाची म्हणून म्हणत नाही, तिच्याशी वीस वर्षं न बोलणारी शेजारीणसुद्धा हेच सांगेल. आमच्याकडे नुसतं मासा म्हटलं की कॉड, बाकीच्यांना आपापली नावं आहेत. नऊ वर्षांची असल्यापासून ती आजीबरोबर ह्या कामात. मासा चिरायचा, मधला काटा काढायचा, जाड्या मिठाच्या थरांत रचायचा. तीन आठवडे मीठ त्यातलं पाणी ओढून घेतं. मग तो धुवायचा आणि परसातल्या लाकडी माचावर, झाडाच्या फांद्या अंथरून, उन्हात पसरायचा. ऊन चढलं की पालथा, धुकं आलं की गोळा, पुन्हा पसर. बायकांचं काम. पुरुष मासा आणून टाकायचे आणि झोपायचे.

मग व्यापाऱ्याचा माणूस प्रत लावायला यायचा. तो माशाच्या जाड भागात अंगठा दाबायचा. खळगा पडून तसाच राहिला की आत पाणी आहे, मासा ओला, खालची प्रत. खळगा पडला नाही की वरची. मावशीच्या माशात त्या माणसाचा अंगठा कधी रुतला नाही. तो वैतागून एकाच माशावर तीनतीनदा दाबायचा, असं काका सांगतो.

पुढे मासा संपला, सरकारने मासेमारी बंद केली आणि मावशीच्या हाताला काम उरलं नाही. उन्हाळ्यात घरापुरते चार मासे धरायची परवानगी मिळते, तेवढेच ती खारवते. माच मात्र तिने मोडला नाही. बंदीच्या दिवशी ती जी चिडली ती आजतागायत चिडलेली आहे. तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी थोडं मागे सरकून उभं राहायचं.

गार्लंड काका उलटा. एकोणऐंशी वर्षांचा, मोठ्या हाडाचा, कमी बोलणारा. चाळीस वर्षं बोटीवर गेली, बोलायचं ते समुद्राशी बोलून झालं असावं. तीन वर्षांपूर्वी त्याला हृदयाचा झटका आला. वाचला, पण हृदय थकलं ते थकलंच. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्याचे रबरी बूट पायात जाईनात. मावशी म्हणाली बूट आकसले. मग चपलेतूनही पाय बाहेर यायला लागले.

आमच्या म्हाताऱ्या माणसांकडे ह्याला एकच नाव होतं. पाणी चढलं म्हणायचे. अमक्याला पाणी चढलं, तो आता वसंतापर्यंत नाही टिकत. दवाखान्यात गेलं की त्याच पाण्याला दहा नावं. पायात असेल तर इडीमा, पोटात असेल तर जलोदर, फुप्फुसात शिरलं तर आणखी काहीतरी लांबलचक, आणि सगळ्यांचं मिळून फ्लुइड रिटेन्शन. त्याचा अर्थ एवढाच की हृदय नीट ओढत नाही, मूत्रपिंडं मीठ बाहेर टाकत नाहीत, आणि जिथे मीठ तिथे पाणी बसून राहतं. हे मला आता कळतं. तेव्हा मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणात इतकंच शिकवलं होतं की एका दिवसात वजन दोन पौंडांनी वाढलं तर फोन करा. का वाढतं, ते शिकवायला तिसरा दिवस लागला असता.

आणि डॉक्टर. आमच्या दवाखान्यात डॉक्टर येतो तो जायची बॅग भरूनच. तीन वर्षांत पाच झाले. प्रत्येकाने काकाला पहिल्यापासून विचारलं, वय किती, सिगारेट ओढता का, झोप लागते का. मावशी बाजूच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसलेली. तिला कुणी काही विचारलं नाही. ह्या फेब्रुवारीत पाचवा आला तो डॉक्टर पेनर. मॅनिटोबाचा, गोरागोमटा, तिशीही न उलटलेला. मी त्या दिवशी काकाला गाडीतून घेऊन गेले होते, म्हणून सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

त्याने काकाची विजार वर सरकवली आणि नडगीवर अंगठा दाबला. पाच सेकंद दाबून धरला. उचलला तेव्हा तिथे वाटाणा मावेल एवढा खळगा होता, आणि तो तसाच राहिला.

मावशी खुर्चीवरून उठली. वाकून बघितलं.

"ओला आहे," ती म्हणाली.

"बरोबर," पेनर म्हणाला. "आत पाणी आहे. बरंच आहे."

"ते दिसतंय मला. काढायचं कसं?"

"पाण्याची गोळी वाढवून देतो, लघवीवाटे निघून जाईल. दिवसाला दीड लिटरच्या वर काही प्यायचं नाही, चहा धरून. आणि मीठ एकदम कमी."

"पाणी काढायला मीठ कमी?"

"हो."

"कमी?"

"हो, मिसेस व्हे. कमी." त्याने घड्याळाकडे बघितलं आणि एक कागद तिच्या हातात दिला. त्यावर मिठाच्या बाटलीचं चित्र, चित्रावर लाल फुली, खाली काय खाऊ नये त्याची यादी. बाहेर नऊ माणसं बसली होती, त्याचंही खरं आहे. पण एक मिनिट, फक्त एक मिनिट त्याने विचारलं असतं, की बाई, तुम्ही असं का विचारताय. नाही विचारलं.

परतताना मावशी गाडीत म्हणाली, "मॅनिटोबाचा ना तो? तिकडे समुद्र आहे का गं?"

"नाही मावशी."

"मग बरोबर. त्याने आयुष्यात मासा चिरलेला नाही."

मी हसले. ते हसू आठवलं की मला माझ्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

त्यानंतर काकाचं वजन मी दर मंगळवारी वहीत लिहीत गेले. एकशे शहाण्णव पौंड. दोनशे एक. एकशे नव्याण्णव. दोनशे सात. गोळी वेळच्या वेळी चालू, मावशीने डब्यांवर वार लिहून ठेवलेले. चहा मोजून. मला काही कळेना. एकदा विचारलं, "मावशी, मीठ घालतेस का गं जेवणात?"

"ह्या घरात मिठाची बाटली नाही," ती म्हणाली. "शोध. सापडली तर मला घाल डोक्यात."

मी खरंच शोधली. कपाटं उघडून बघितली. बाटली नव्हती. खाऱ्या बीफची बादलीसुद्धा तिने माझ्या आईकडे पाठवून दिली होती, कारण त्या कागदावर बीफ लिहिलेलं होतं. मागच्या शेडमध्ये जाड्या मिठाचं पोतं होतं, ते मी दर मंगळवारी ओलांडून आत यायचे. ते माझ्या डोक्यात मीठ नव्हतंच. ते माशाचं सामान. जाळं, सुरी, मीठ. हॅगडाउनमध्ये कुणालाही विचारा, शेडमधलं मीठ कुणी जेवणात धरत नाही. एवढी साधी गोष्ट, आणि मी इथेच जन्मले म्हणूनच मला ती दिसली नाही.

बाकीचंही मी बघत होते आणि बघत नव्हते. जुलैत ती काकाला रोज दुपारी ओसरीवर बसवायची, विजार गुडघ्यापर्यंत वर, पाय बाकावर, नडग्या उन्हाला. अर्ध्या तासाने सांगायची, "फीर आता." आणि काका मुकाट्याने पोटऱ्या उन्हाकडे करायचा. रात्रीच्या जेवणाआधी कोमट पाण्याच्या टपात त्याचे पाय. पाणी दाट, ढवळं. मी म्हटलं, "छान, आराम पडत असेल." मावशी म्हणाली, "आराम कसला, काम आहे ते."

ऑगस्टपर्यंत तो दोनदा शहरातल्या इस्पितळात जाऊन आला. दोन्ही वेळा चार दिवसांत पाणी काढून परत पाठवला, आणि दोन्ही वेळा दोन आठवड्यांत पुन्हा टम्म. त्याच्या फायलीत कुणीतरी लिहिलं की रुग्ण सूचना पाळत नाही. मग जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयातून मिस क्रू नावाच्या बाई आल्या. तिसऱ्यांदा दाखल व्हावं लागलं तर काकाला घरी ठेवणं सुरक्षित धरता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. शहरातल्या वृद्धाश्रमात जागा होती. शहर म्हणजे तीन तास गाडीने, बर्फात पाच. मावशीला गाडी येत नाही.

बाई गेल्यावर काका म्हणाला, "तो आश्रम बघितलाय मी. माझ्या बोटीवरचा एलाय तिथे होता. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. त्यापेक्षा मला धक्क्यावरून ढकला."

"गप्प बस, म्हाताऱ्या," मावशी म्हणाली. "तुला वाळवून उभा करते की नाही बघ."

मला वाटलं बोलण्याची पद्धत आहे.

ऑक्टोबरातला गुरुवार होता. माझा दिवस नव्हता. रानातली लाल बेरी जास्त मिळाली होती, एक बरणी द्यायला म्हणून सकाळी अकराच्या सुमाराला गेले. दार आमच्याकडे कुणी वाजवत नाही, थेट आत. काका चुलीजवळच्या दिवाणावर तीन उशांना टेकून बसलेला, श्वास वरवर. मावशीची पाठ माझ्याकडे. वाटाण्याचं सूप वाडग्यात काढलेलं, आणि ती मोहरीच्या जुन्या पिवळ्या डब्यातून जाडं मीठ घेऊन त्यात टाकत होती. चिमूटभर नाही. मूठभर.

"मावशी."

ती दचकली नाही. "दार लाव, वारा येतोय."

"मावशी, हे काय करतेयस?"

"दिसत नाही? सूप देतेय."

"मीठ घालतेयस तू."

"मग? साखर घालू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाडगा तिच्या पुढ्यातून ओढला, अर्धं सूप ओट्यावर सांडलं. "तुला डॉक्टरने सांगितलं होतं. लिहून दिलं होतं. पाच डॉक्टरांनी सांगितलं. तो माणूस मरतोय मावशी, आणि तू त्याला मीठ चारतेयस. किती दिवस? सांग, किती दिवस?"

"माझ्या घरात आवाज चढवू नकोस."

"किती दिवस?"

"फेब्रुवारीपासून." तीही आता चढली. "आणि तुझे डॉक्टर काय सांगतात मला? त्याने अंगठा दाबला तो मी बघितला. माझ्या आईने मला नवव्या वर्षी तसाच दाबायला शिकवला. खळगा राहिला म्हणजे पाणी आहे. पाणी आहे म्हणजे मीठ कमी पडलं. पासष्ट वर्षं मी मांसातलं पाणी मिठाने काढलंय, आणि तो कालचा पोर मला सांगतो मीठ कमी कर. अगं, मीठ कमी केलं की मासा सडतो. हा माझ्यासमोर सडत होता, मी बघत बसू?"

मी तशीच उभी. मोहरीचा डबा, ओसरीवरचं ऊन, टपातलं ढवळं पाणी, सगळं एकदम समोर आलं.

मोरीत परात होती. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, त्या दिवशी आमच्याकडे जेवणात मासाच, म्हणून तिने खारा मासा मीठ उतरायला पाण्यात घातला होता. मी परात उचलून तिच्यासमोर आदळली.

"हा कधी घातलास?"

"काल दुपारी. का?"

"काल कसा होता?"

"कसा असणार? लाकडासारखा."

"आणि आज?"

"फुगलाय. पाण्यात घातला की फुगतोच, त्यात काय."

"का फुगतो? तो वाळवला होतास ना तू? पाणी काढलं होतंस ना? मग आता पाणी पितो का?"

"का म्हणजे, त्याच्या आत मी—"

तिथे ती थांबली. मलाही त्याहून जास्त माहीत नव्हतं, रागाच्या भरात तोंडातून आलं होतं. तिने परातीत बोट घातलं आणि माशाचा जाड भाग दाबला. मग दिवाणावरच्या काकाकडे बघितलं, त्याच्या पायांकडे, फुगलेल्या पोटाकडे.

"आत मीठ आहे त्याच्या," ती हळू म्हणाली. "बाहेरून लावलं तर बाहेर ओढतं. आत गेलं तर आत ओढतं." आणि मग, "मी आत घातलं, डॉर्कस. मी वाडग्यातून आत घातलं."

कुणीतरी हे तिला सांगायला हवं होतं. तिच्याच भाषेत, तिच्याच माशावरून, एका मिनिटात कळलं असतं तिला. तिच्यापेक्षा लवकर कुणालाच कळलं नसतं. माझा राग तिच्यावरून घसरला आणि कुठे जाऊन पडावं ते त्याला कळेना.

तेवढ्यात काकाने हात वर केला. ओठ निळे पडले होते. मी गाडी बोलावली. रुग्णवाहिका यायला पन्नास मिनिटं लागली. मावशी सगळा वेळ त्याच्या पाठीमागे बसून त्याला सरळ धरून होती.

अकरा दिवसांत इस्पितळाने त्याच्या अंगातून चौतीस पौंड पाणी काढलं. चौतीस. लहान मूल असतं तेवढ्या वजनाचं. चुरगळलेल्या चादरीखालून त्याची हाडं दिसायला लागली. बाराव्या दिवशी बैठक बोलावली. खोलीत मिस क्रू फाईल घेऊन, डॉक्टर पेनर आमच्या दवाखान्यातून खास आलेला, चाकाच्या खुर्चीत काका, मावशी आणि मी. टेबलावर आश्रमाचा अर्ज आधीच भरलेला, फक्त सह्या बाकी. मला तो अर्ज बघूनच संताप आला. माणसाला विचारायला बोलावतात आणि उत्तर टाइप करून ठेवतात.

मिस क्रू म्हणाल्या, "मिस्टर व्हे, तुमच्या रक्तात आणि लघवीत मिठाचं प्रमाण पाहिलं. तुम्ही घरी मीठ खात होतात. हे कसं झालं, ते आम्हाला समजून घ्यायचंय."

मी काही बोलणार तोच काका म्हणाला, "मी चोरून खात होतो."

मावशीने मान वळवली.

"शेडमध्ये पोतं आहे," काका म्हणाला. मोठं वाक्य बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं. "ती झोपली की मी जाऊन आणायचो. सूपात टाकायचो. अळणी खायची सवय नाही आम्हाला. बाईचा काही दोष नाही."

मिस क्रूंनी लिहायला सुरुवात केली. त्या काय लिहीत होत्या ते मला कळत होतं. रुग्ण हट्टी, लपवून खातो, घरी लक्ष ठेवता येत नाही. ते वाक्य पूर्ण झालं की काका खिडकीतून गाड्या बघणार. आणि खरं सांगितलं तर बायको धोकादायक. काही झालं तरी तो अर्ज खराच होणार होता.

"खोटं बोलतोय तो," मावशी म्हणाली.

"मेल—" काका मधे म्हणाला.

"तू गप्प. आठ महिने गप्प होतास ना, अजून पाच मिनिटं गप्प बस." ती उभी राहिली, पर्स खुर्चीवर ठेवली. "शेडपर्यंत चालायला ह्याला श्वास आहे का? बाई, तुम्ही फाईल लिहिता, ह्या माणसाचे पाय बघितलेत का? मी खारवलं ह्याला. माझ्या हाताने. सूपात, बटाट्यात, लापशीत. पाय मिठाच्या पाण्यात ठेवले. उन्हात घातला."

पेनरने पेन खाली ठेवलं. "पण का?"

"आता विचारतोस?"

तो लाल झाला.

"आता विचारतोस तू मला का ते? फेब्रुवारीत मी तुझ्यासमोर उभी होते. दोनदा विचारलं तुला, पाणी काढायला मीठ कमी? तू घड्याळ बघितलंस. माझ्या हातात चित्र दिलंस. बाटलीचं चित्र. मी काय बालवाडीत आहे? ह्याच्या आधी चार आले, त्यांनी ह्याला विचारलं संडास होते का, झोप येते का. चुलीशी कोण उभं असतं? हा? ह्याला अंडं उकडता येत नाही. जेवण मी करते, गोळ्या मी देते, आणि तीन वर्षांत एका माणसाने माझ्याकडे तोंड करून विचारलं नाही की बाई, तुम्हाला काय समजलं. मला चुकीचं समजलं. मान्य. मी माझ्या नवऱ्याला मारायला निघाले होते, ते माझं, ते मी कुणावर ढकलत नाही. पण तुम्ही सगळे तिथेच होतात."

मिस क्रू अर्जाकडे बघत होत्या. मग पेनरने विचारलं, "मिसेस व्हे, आता काय समजलंय तुम्हाला?" ह्या वेळी त्याने घड्याळ बघितलं नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

मावशीने त्याला सांगितलं. मासा, मीठ, पाणी, आत आणि बाहेर. चारपाच वाक्यांत. त्याने मधे एक प्रश्न विचारला, आणि तिचं उत्तर ऐकून म्हणाला, "मला वैद्यकीय शिक्षणात हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं."

"मला लाडीगोडी लावू नकोस," मावशी म्हणाली. "तो घरी येतो की नाही, ते बोल."

पेनर आणि मिस क्रू बाहेर जाऊन आले. बरंच बोलले असावेत, कारण मिस क्रूंचे कान लाल होते. एक महिना घरी ठेवून बघायचं. रोज सकाळी वजन, रोज फोन, वजन वाढलं तर वाद न घालता परत इस्पितळात. अर्ज फाडला नाही, फायलीत मागे लावला. पेनर जानेवारीत जाणारच होता, त्याच्या जागी सहावा येणार. त्याने सही केली आणि मावशीपुढे हात केला. तिने तो धरला, पण हसली नाही.

परतताना मी गाडी चालवत होते. काका माझ्या शेजारी, मावशी मागे. पाऊण तास गेला. मला वाटलं दमलीत. मग मागून आवाज आला.

"तुला खारट लागत नव्हतं का रे?"

काका समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला.

"तुझ्याशी बोलतेय मी. समुद्राचं पाणी असतं तसं सूप देत होते तुला. खारट लागत नव्हतं?"

"लागत होतं."

"मग?"

"घशाखाली उतरत नव्हतं कधीकधी."

"आणि तो कागद वाचता येत होता तुला. मीठ खाऊ नका, लिहिलेलं होतं."

"वाचला होता. पहिल्याच दिवशी."

"मग तोंडाला काय झालं होतं? तुला माहीत होतं मी काय करतेय. तुला माहीत होतं त्याने तू मरशील. आणि तू चमच्यावर चमचा खात राहिलास?"

काकाला श्वास जमवायला थोडा वेळ लागला. "डॉक्टर पाच बदलले, मेल," तो म्हणाला. "तू एकच होतीस. तू म्हणालीस वाळवते, म्हटलं वाळवू दे."

मागे पट्टा सुटल्याचा आवाज आला. मग मावशी म्हणाली, "डॉर्कस, गाडी थांबव."

मी रस्त्याच्या कडेला घेतली. ती उतरली, दार आपटलं, आणि आमच्याकडे पाठ करून झुडपांपाशी जाऊन उभी राहिली. खांदे हलत होते. वारा एवढा की तिचा कोट अंगाला चिकटला होता.

"रडतेय का गं ती?" काकाने विचारलं.

मी काच खाली केली. "नाही. शिव्या देतेय."

"कुणाला?"

"तुला."

पाच मिनिटांनी ती आली. नाक पुसलं, पट्टा लावला, आणि पुढे वाकून काकाच्या खांद्याला धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"आजपासून खारट लागलं की खारट म्हणायचं," ती म्हणाली. "अळणी लागलं की अळणी म्हणायचं. मी चुकले की मला तोंडावर सांगायचं. मी रडले तरी, ओरडले तरी. माझ्यावर इतका भरवसा पुन्हा कधी ठेवलास तर मी स्वतः तुला त्या आश्रमात नेऊन टाकीन. ऐकलंस?"

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"खांदा दुखतोय, मेल. सोड."

तिने लगेच हात काढून घेतला.